आयसीयूच्या मॉनिटरवरचा एक आकडा बघून घाबरताय? डॉक्टर आणि सिस्टर नेमकं काय बघतात ते समजून घ्या

घरातलं कुणी आयसीयूत असलं की फॅमिली ग्रुपवर हमखास एक फोटो येतो. काचेपलीकडून किंवा भेटीच्या वेळेत काढलेला, मॉनिटरचा. खाली मेसेज असतो, "सॅच्युरेशन ९१ दाखवतंय, काल ९५ होतं." मग पुण्यातला भाचा काहीतरी सांगतो, मुंबईची आत्या काहीतरी सांगते आणि दहा मिनिटांत सगळं घर काळजीत पडतं.

पण त्या फोटोत फक्त एका क्षणाचा आकडा असतो. आयसीयूतला निर्णय असा एका आकड्यावर होत नाही. तो आकडा कुठून आला, कुठे चाललाय आणि बाकीच्या आकड्यांशी त्याचा मेळ कसा बसतो, यावर होतो. आणि हे चित्र एकट्या डॉक्टरला दिसून भागत नाही, रुग्णाजवळच्या सगळ्यांना ते सारखंच दिसावं लागतं. म्हणूनच जगभरात आयसीयूतली माहिती चित्रं, आलेख आणि रंगांत मांडण्यावर इतका भर दिला जातोय.

शिरूर-दौंडसाठी हा विषय जास्त महत्त्वाचा का?

शिरूर पुण्यापासून साधारण ६५-७० किलोमीटरवर आहे आणि दौंड साधारण ७५-८०. एका बाजूला पुणे-अहिल्यानगर महामार्ग, दुसऱ्या बाजूला पुणे-सोलापूर महामार्ग. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसी, ऊसाची शेतं, भीमा आणि घोड नदीचा काठ. त्यामुळे अपघात, भाजणं, विषबाधा, सर्पदंश अशा केसेस या भागातल्या दवाखान्यांना नव्या नाहीत.

तालुक्याच्या ठिकाणी रात्री रुग्णाजवळ बहुतेक वेळा एक ड्युटी डॉक्टर आणि एक-दोन सिस्टर असतात. फिजिशियन फोनवर असतो. किडनीचा किंवा मेंदूचा तज्ज्ञ पुण्यात असतो. म्हणजे टीम आहे, पण ती एका खोलीत नाही. अशा वेळी "पेशंट कसा आहे?" या प्रश्नाला "ठीक आहे, बीपी ११० आहे" एवढंच उत्तर मिळालं, तर पलीकडच्याला काहीच कळत नाही. आणि पुण्याला हलवायचं ठरलं, तर रस्त्यातला दीड-दोन तासांचा वेळ आधीच हिशेबात धरावा लागतो.

एक उदाहरण: घोणस चावलेला रुग्ण

समजा, ऊसाच्या फडात काम करताना ६० किलो वजनाच्या एका माणसाला घोणस चावली. दवाखान्यात आल्यावर काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटं न हलवता ठेवलं. रक्त गोठलं नाही, म्हणजे विष रक्तात भिनलंय. प्रतिविष सुरू झालं. संध्याकाळी मॉनिटरवर नाडी, बीपी आणि ऑक्सिजन सगळं बरं दिसतंय.

पण घोणसीचं विष किडनीवरही घाला घालतं, आणि त्याची खूण मॉनिटरवर दिसत नाही. ती कॉटखाली लटकवलेल्या लघवीच्या पिशवीत दिसते. सिस्टर दर तासाला मोजून लिहितात: सहा वाजता ५० मिली, सात वाजता ४०. आठ वाजता ड्युटी बदलली. नव्या सिस्टरने नोंद केली: नऊ वाजता २५, दहा वाजता १५.

साधारण नियम असा, की तासाला दर किलो वजनामागे किमान अर्धा मिली लघवी व्हायला हवी. या माणसासाठी ती ३० मिली झाली. पहिल्या सिस्टरने पाहिलेले दोन्ही आकडे त्या वर होते. दुसरीला सुरुवात कुठून झाली हे माहीतच नाही. फोनवरच्या डॉक्टरला सांगितलं गेलं, "लघवी थोडी कमी आहे."

आता हेच आकडे एका कागदावर ठिपके म्हणून मांडा आणि जोडा. ५०, ४०, २५, १५. सरळ खाली उतरणारी रेष दिसते. ३० वर आधीच एक लाल रेघ मारून ठेवली असेल, तर आपला ठिपका तिच्या खाली गेलाय हे रात्री दमलेल्या माणसालाही कळतं. डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी हलवायचं का, ही चर्चा मग पहाटेऐवजी रात्री दहालाच सुरू होते. आकडे तेच होते. फरक पडला तो ते सगळ्यांना एकत्र दिसल्यामुळे.

रेष काढायची कल्पना जुनीच

ताप आकड्यांऐवजी रेषेत बघण्याची सवय डॉक्टरांना लावली ती जर्मनीतल्या लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी. त्यांचं तापावरचं पुस्तक १८६८ मध्ये आलं. पुढे १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. तेव्हा ब्योर्न इब्सेन यांच्या पद्धतीने रुग्णांना श्वास देण्यासाठी वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने हाताने फुगा दाबत बसायचे. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून मानली जाते. म्हणजे आयसीयू ही पहिल्यापासूनच एकट्याच्या हुशारीपेक्षा टीमवर चालणारी गोष्ट आहे.

एकही अलार्म वाजत नाही, तरी रुग्ण गंभीर?

हो, असं होऊ शकतं. हे आकडे बघा:

- नाडी ११२
- श्वास मिनिटाला २२
- ऑक्सिजन ९४
- वरचं बीपी १०८
- ताप ३८.२ सेल्सिअस
- रुग्ण शुद्धीवर

एकेक आकडा पाहिला तर फार भयंकर काही नाही. बऱ्याच मॉनिटरवर यातल्या एकाचाही अलार्म वाजणार नाही.

ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये 'न्यूज' नावाची गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. तिच्यात प्रत्येक आकड्याला ० ते ३ गुण मिळतात आणि रकान्यांना रंग असतात. वरच्या रुग्णाला नाडीचे २, श्वासाचे २, ऑक्सिजनचा १, बीपीचा १ आणि तापाचा १ असे ७ गुण मिळतात. आणि ७ किंवा जास्त गुण म्हणजे तातडीची परिस्थिती.

ही पद्धत मुळात साधा वॉर्ड, कॅज्युअल्टी आणि ॲम्ब्युलन्ससाठी आहे. कुणाला आयसीयूत न्यायचं, कुणाला पुढे पाठवायचं हे ओळखायला ती उपयोगी पडते. तिचा आणखी एक फायदा आहे. रात्री दोन वाजता मोठ्या डॉक्टरांना फोन करायला नवखी सिस्टर कचरते. "सर, मला पेशंट बरा वाटत नाही" म्हणण्यापेक्षा "सर, स्कोअर ३ वरून ७ वर गेलाय" म्हणणं सोपं जातं. ऐकणाऱ्यालाही ते टाळता येत नाही.

आज या रुग्णाचं काय करायचंय, हे सगळ्यांना माहीत असतं का?

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला होता. राऊंड झाल्यावर, आजचं उद्दिष्ट काय, हे १० टक्क्यांहून कमी निवासी डॉक्टर आणि नर्सना नीट सांगता आलं. मग त्यांनी एक साधा कागद आणला. आज काय साधायचं, सगळ्यात मोठा धोका कोणता, कोणती नळी काढता येईल, घरच्यांशी कोण बोलणार. त्यानंतर हेच प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेलं. त्या आयसीयूतला सरासरी मुक्कामही २.२ दिवसांवरून १.१ दिवसांवर आला. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

यात महागडं यंत्र कुठेच नव्हतं. कॉटजवळचा पांढरा बोर्ड आणि मार्कर एवढ्यावरही हे जमतं. शिरूर-दौंडसारख्या ठिकाणी सुरुवात इथूनच होऊ शकते.

मग स्क्रीनचा उपयोग काय?

स्क्रीनमुळे अंतर कमी होतं. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, महाराष्ट्रात काही सरकारी रुग्णालयांत टेलि-आयसीयू सुरू झाले. दुसऱ्या शहरात बसलेला तज्ज्ञ रुग्णाची माहिती स्क्रीनवर बघून स्थानिक डॉक्टरांना सल्ला देऊ लागला.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी आकड्यांऐवजी स्क्रीनवर माणसाची आकृतीच आणली. ऑक्सिजन कमी झाला की तिची त्वचा निळी पडते, श्वासाबरोबर फुप्फुसं हलतात. चाचणीत काही सेकंद स्क्रीन दाखवल्यावर डॉक्टर-नर्सना आकड्यांपेक्षा या आकृतीवरून जास्त गोष्टी बरोबर ओळखता आल्या.

पण स्क्रीन म्हणजे जादू नाही. सतत वाजणाऱ्या अलार्मची कानाला सवय होते आणि खरा अलार्मही दुर्लक्षित राहतो. बोट गार पडलं, नेलपॉलिश असलं किंवा हात हलला, तर ऑक्सिजनचा आकडा चुकू शकतो. आणि लघवीची नोंदच झाली नाही, तर कितीही सुंदर आलेख रिकामाच राहणार. शेवटी रुग्णाकडे बघायचं, मग स्क्रीनकडे.

तुम्ही नातेवाईक असाल तर काय विचाराल?

मॉनिटरचा फोटो ग्रुपवर टाकू नका. त्यावर बऱ्याचदा रुग्णाचं नाव असतं, आणि एका आकड्यावरून कुणालाच काही कळत नाही. त्याऐवजी डॉक्टरांना हे प्रश्न विचारा:

- कालच्यापेक्षा आज कुठल्या गोष्टी सुधारल्या, कुठल्या बिघडल्या?
- आजचं मुख्य उद्दिष्ट काय आहे?
- कुठली खूण दिसली तर पुढे हलवावं लागेल, आणि ते किती आधी ठरवावं लागेल?
- पुण्याला पाठवताना आतापर्यंतच्या नोंदींची प्रत सोबत मिळेल ना?

शेवटचा प्रश्न विसरू नका. नुसत्या रेफर चिठ्ठीवर फार तर निदान आणि दिलेली औषधं असतात. तासातासाच्या नोंदी सोबत असतील, तर पुण्यातल्या डॉक्टरला ती खाली उतरणारी रेष पहिल्याच मिनिटाला दिसते.