ओट्समधील बीटा-ग्लुकान : कार्य, मात्रा आणि मर्यादा

रायपूर हे भाताच्या प्रदेशातले शहर. इथे रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी बासी खाल्ली जाते. खाली बस्तरात मडियाचा, म्हणजे नाचणीचा, पेज पितात. आता इथल्या वसतिगृहांतही ओट्सची पाकिटे आली आहेत आणि त्यांवर ‘हृदयासाठी हितकारक’ असे छापलेले असते. हे विधान कितपत खरे आहे, ते आपण तपासू.

१. घटक
१०० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये साधारण १३ ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. त्या तंतूंपैकी सुमारे ४ ग्रॅम बीटा-ग्लुकान असते. ही ग्लुकोजचीच साखळी आहे. पण स्टार्चमधले अल्फा बंध आपली पाचकद्रव्ये तोडतात, बीटा बंध त्यांना तोडता येत नाहीत. सेल्युलोजमध्ये सर्व बंध १-४ प्रकारचे असल्याने साखळ्या सरळ राहून घट्ट रचल्या जातात व पाण्यात विरघळत नाहीत. ओट्समध्ये अधूनमधून १-३ बंध येतो, साखळी वाकते आणि पाणी आत शिरते.

२. कार्य
विरघळलेल्या बीटा-ग्लुकानमुळे आतड्यातील द्रवाची श्यानता वाढते. त्याचे दोन परिणाम होतात.
(अ) घट्ट द्रवात विसरण मंदावते, म्हणून ग्लुकोज रक्तात हळूहळू जाते.
(आ) पित्ताम्ले या जेलमध्ये अडकून शरीराबाहेर जातात. नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते, म्हणून एलडीएल घटते.

३. मात्रा
अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सविषयीच्या आरोग्यदाव्याला मान्यता दिली. त्यात दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान ही मात्रा आहे आणि एकूण आहारात संपृक्त स्निग्ध पदार्थ कमी असावेत, अशी अटही आहे. आता आकडेमोड करा :
३ ÷ ०.०४ = ७५ ग्रॅम कोरडे ओट्स, रोज.
४० ग्रॅमची एक वाटी घेतली तर १.६ ग्रॅमच मिळते, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. पूर्ण मात्रेने एलडीएल सरासरी ५ ते ७ टक्के कमी होते. कोणाचे १४० असेल तर ते १३० ते १३३ च्या आसपास येईल. फायदा खरा आहे, पण औषधाची जागा घेण्याइतका नाही. घरात कोणी कोलेस्टेरॉलची गोळी घेत असेल, तर ओट्सच्या भरवशावर ती बंद करू नये.

४. प्रक्रिया
दाणा जितका बारीक, तितके पृष्ठफळ जास्त आणि पचन जलद. म्हणून झटपट शिजणाऱ्या ओट्सपेक्षा जाड, तुकडा केलेल्या ओट्सने साखर हळू चढते. मसाला ओट्स घेताना पाकिटामागचे सोडियमचे आकडे आणि गोड ओट्स घेताना साखरेचे आकडे वाचा. तंतू हळूहळू वाढवा आणि पाणी पुरेसे प्या, नाहीतर पोट फुगते.

५. स्थानिक पर्याय
छत्तीसगड शासनाने २०२१ साली कोदो, कुटकी आणि रागीसाठी मिलेट मिशन सुरू केले. ही धान्ये उत्तम आहेत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, ओट्समध्ये त्याच्या एक-षष्ठांशाच्या आसपास. पण त्यांच्यातील तंतू मुख्यतः न विरघळणारे आहेत. म्हणून ओट्सचा कोलेस्टेरॉलचा दावा त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. तो जवाला, म्हणजे बार्लीला, लागू होतो, कारण त्यात बीटा-ग्लुकान ओट्सइतके किंवा थोडे अधिक असते. खिसा पाहून नाश्ता ठरवणाऱ्या विद्यार्थ्याने हा पर्याय जरूर लक्षात ठेवावा : हेतू कॅल्शियम असेल तर नाचणी, कोलेस्टेरॉल असेल तर ओट्स किंवा जव.

स्वाध्याय
१. ३० ग्रॅम ओट्समधून किती बीटा-ग्लुकान मिळेल? ते शिफारस केलेल्या मात्रेच्या किती टक्के आहे?
२. सेल्युलोज आणि बीटा-ग्लुकान दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असून एकच पाण्यात का विरघळते?