नाणेघाटापासून शुक्रापर्यंत

इतिहासातल्या बायका शोधायच्या तर आधी त्यांची नावं कुठे लिहिली आहेत ते पाहावं. दगडावर, ताम्रपटावर, कोर्टाच्या कागदांत, ग्रामोफोनच्या तबकडीवर आणि चक्क परग्रहावरसुद्धा! नाव सापडलं की त्या काळात बाईला काय करता येत होतं आणि काय करू दिलं जात नव्हतं, हेही कळून येतं. मराठी मुलखातली अशीच काही नावं.

राणी आधी, राजा नंतर

जुन्नरजवळचा नाणेघाट ट्रेकर मंडळींच्या पायाखालचा. जकातीचा दगडी रांजण बघायचा आणि नानाच्या अंगठ्यावर फोटो काढायला पळायचं, हा तिथला शिरस्ता. पण घाटातल्या लेण्यात जरा थांबा. इथे सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता उरलीत फक्त पावलं आणि वर कोरलेली नावं. त्यातल्या एका ठिकाणी 'देवी नायनिका' आधी येते आणि 'राजा सिरी सातकर्णी' नंतर! हीच नागनिका राणी. काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. पती गेल्यावर मुलं लहान असताना राज्यकारभार तिने पाहिला, असं अभ्यासक मानतात. भिंतींवरच्या लांबलचक लेखात यज्ञांची यादी आहे, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांचा हिशेब आहे. हा हिशेब अंकांत मांडलेला आहे आणि भारतात कोरलेल्या सर्वांत जुन्या अंकांमध्ये त्याची गणना होते. म्हणजे आपल्या आकड्यांचा इतिहास सांगायचा तर एका राणीच्या जमाखर्चापाशी यावंच लागतं.

आईचं नाव लावणारे राजे

गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. सातवाहन राजे आईचं नाव मिरवत. गौतमी बलश्रीने तर नाशिकच्या पांडवलेण्यांत स्वतःच लेख कोरवून घेतला आणि मुलाच्या पराक्रमाचं वर्णन दगडावर कायमचं करून ठेवलं. गौतमीपुत्राबद्दल आपण जे काही वाचतो, त्यातलं बरंचसं या आईने सांगितलेलं आहे.

सासरच्या गादीवर माहेरची वंशावळ

विदर्भातल्या वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्त ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. नवरा लवकर गेला. मुलांच्या नावाने तिने अनेक वर्षं राज्य चालवलं. पाचव्या शतकातले तिचे ताम्रपट सुरू होतात ते माहेरच्या गुप्त घराण्याच्या वंशावळीने. राज्य सासरचं, शिक्का तिचा आणि ओळख मात्र वडिलांकडची. आजही लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही यावर घरोघरी चर्चा झडते. त्या मंडळींनी हे ताम्रपट जरूर वाचावेत.

पंचविशीतली सेनानी

1700 साली सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराज गेले, तेव्हा ताराबाई पंचवीस वर्षांच्या होत्या. चार वर्षांच्या मुलाला गादीवर बसवून त्यांनी औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली. बचाव तर केलाच, शिवाय मराठी फौजा नर्मदापार माळव्यात आणि गुजरातेत धाडल्या. 1707 मध्ये औरंगजेब अहमदनगरला मेला. ताराबाई त्यानंतर आणखी 54 वर्षं जगल्या. पानिपतचा घाव पाहून 1761 च्या डिसेंबरात त्यांनी डोळे मिटले. शिवाजी महाराजांच्या हयातीत जन्म आणि पानिपतानंतर मृत्यू! मराठेशाहीचा जवळजवळ सगळा चढउतार या एका आयुष्यात मावतो. शाळेच्या पुस्तकात त्यांना मिळणारी जागा मला नेहमीच अपुरी वाटते.

आणि त्याच अहमदनगरचं नाव आता अहिल्यानगर आहे. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या लेकीचं, अहिल्याबाईंचं नाव 2024 मध्ये अख्ख्या जिल्ह्याला मिळालं.

मुक्ता साळवेचा निबंध

पुण्यात 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे सगळ्यांना ठाऊक. 1854 मध्ये सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह आला, तेव्हा त्यांचं वय 23, हेही काहींना ठाऊक असेल. पण खरा चमत्कार पुढच्या वर्षीचा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातल्या चौदाएक वर्षांच्या मुक्ताने मांग-महारांच्या दुःखांवर निबंध लिहिला आणि तो 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. जिला पाटीला हात लावू दिला जात नव्हता, तिने काही वर्षांत धर्माच्या ठेकेदारांना छापील प्रश्न विचारले. शिक्षणाने काय होतं याचा यापेक्षा लखलखीत पुरावा माझ्या तरी माहितीत नाही.

तुरुंग चालेल, पण…

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. 1884 मध्ये नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, अपिलानंतर चक्र फिरलं. 1887 चा हुकूम असा: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली! या खटल्याने मुंबईपासून लंडनपर्यंत वर्तमानपत्रं पेटली. खुद्द रखमाबाई 'हिंदू लेडी' या टोपणनावाने इंग्रजी वर्तमानपत्रात बालविवाहाविरुद्ध लिहीत होत्या. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपये घेऊन नवऱ्याने तडजोड केली. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि मुलींचं संमतिवय दहावरून बारा झालं. आज हा आकडा वाचूनही अंगावर काटा येतो, पण तेवढ्यासाठीही रणकंदन माजलं होतं. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोटच्या दवाखान्यांत त्यांनी आयुष्य घालवलं आणि नव्वदी गाठली.

शुक्रावरच्या तिघी

शुक्र ग्रहावरच्या मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावं देतात. त्यातलं एक 'जोशी', म्हणजे कल्याणच्या डॉ. आनंदीबाई! 1886 मध्ये अमेरिकेत एम.डी. झालेल्या आनंदीबाई वयाची बावीस वर्षंही पूर्ण होण्याआधी गेल्या. त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. दुसरं विवर 'मेधावी', पंडिता रमाबाईंचं. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला रमाबाई स्वतः हजर होत्या. आता दोघी एकाच ग्रहावर आहेत. तिसरं विवर 'झिराड', मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा सांभाळणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड यांचं.

तीस वर्षं उशिरा पदवी

नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा 1892 मध्ये उत्तीर्ण झाल्या. पदवी हातात पडली 1922 मध्ये, कारण 1920 पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं!

तारामती झाले साळुंके

1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना नटी मिळेना. मग अण्णा साळुंके तारामती झाले. पण त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. पडद्यावर यायला जिथे एकही बाई तयार नव्हती, तिथे मायलेकी जोडीने आल्या. विक्रम गोखले हे या कमलाबाईंचे नातू.

केरीचा सूर, सूर्यमालेच्या पलीकडे

गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. त्यांची भैरवी, 'जात कहाँ हो', 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेली. बाख आणि बीथोव्हेन यांच्या सोबतीला भारतातलं एवढं एकच गाणं आहे. दुसरं यान उडाल्यावर अवघ्या काही दिवसांनी, त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ज्या समाजाने कलावंत घराण्यांतल्या बायकांना दाराबाहेर ठेवलं, त्यातल्याच एकीचा आवाज माणसाने सर्वांत दूर पाठवला आहे.

भागवतांच्या दोन बहिणी

बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी कमला भागवत यांना केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या आणि प्रवेश मिळवलाच, तोही एक वर्ष 'पारखून' घेण्याच्या अटीवर. पुढे केंब्रिजची पीएच.डी. मिळवलेल्या डॉ. कमला सोहोनी त्या ह्याच. त्यांची बहीण दुर्गा भागवत 1975 मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या आणि ऐन आणीबाणीत, मंत्र्यांच्या देखत, त्या सत्तेविरुद्ध बोलल्या.

त्याआधी फक्त एका बाईला हा मान मिळाला होता: 1961 मध्ये ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे यांना. पहिलं संमेलन 1878 चं, म्हणजे तब्बल 83 वर्षांनी! पुढे शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे. 2025 मध्ये दिल्लीच्या 98व्या संमेलनाला डॉ. तारा भवाळकर अध्यक्ष झाल्या, त्या सहाव्या. तोवर 98 संमेलनं आणि अध्यक्ष झालेल्या बाया सहा. ज्या भाषेत बायकांनी सातशे वर्षांपूर्वीपासून लिहिलं आहे, तिला हा आकडा शोभत नाही.