वापरलेला हेडफोन घेताना

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

जुनी सायकल घ्यायला आपण कचरत नाही. जुनी पुस्तकं तर आवडीनं घेतो. पण कानाला लावायची वस्तू दुसऱ्यानं वापरलेली घ्यायची म्हटलं, की आपण नाक मुरडतो. त्यात थोडा स्वच्छतेचा विचार असतो आणि थोडी भीती असते, की आतून बिघडलेलं काहीतरी आपल्या गळ्यात मारतील. दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्हींना उत्तर आहे. आज त्याबद्दलच बोलू या.

मी पवईत राहतो. आमच्याकडे मे महिना उजाडला, की आयआयटीची वसतिगृहं रिकामी व्हायला लागतात. चार-पाच वर्षं राहिलेली मुलं सायकली, टेबलफॅन, पुस्तकं विकून गावी किंवा परदेशी जातात. त्यात हेडफोनही असतात. हिरानंदानीच्या इमारतींमध्येही नवा हेडफोन आला, की जुना खणात पडून राहतो. आणि याच इमारतींपासून हाकेच्या अंतरावर एका खोलीत पाच-सहा माणसं राहतात, अशीही घरं आहेत. शेजारी टीव्ही चालू आहे, कुकरच्या शिट्ट्या होताहेत आणि कोपऱ्यात बसलेली मुलगी मोबाइलवर बारावीच्या गणिताचं लेक्चर ऐकते आहे. तिच्यासाठी हेडफोन ही चैनीची वस्तू कशी म्हणायची? ती तिची अभ्यासाची खोलीच आहे. अशा घराला नवा, भारी हेडफोन परवडत नाही आणि फुटपाथवरचा दोनशे रुपयांचा दोन महिन्यांत एका कानानं बहिरा होतो. मधला रस्ता म्हणजे चांगल्या प्रतीचा, वापरलेला हेडफोन.

आता मुद्द्याचं. हेडफोनमध्ये झिजतं काय आणि टिकतं काय, हे एकदा कळलं की निम्मं काम झालं. आत प्रत्येक कानाला एक छोटा स्पीकर असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. लोहचुंबक, तारेचं बारीक वेटोळं आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा, एवढाच त्याचा संसार. १९३७ मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीनं डीटी ४८ हा हेडफोन याच तत्त्वावर आणला आणि आजही बहुतेक हेडफोन त्याच तत्त्वावर चालतात. हा पडदा इतका थोडा हलतो, की तो झिजत नाही म्हटलं तरी चालेल. ओल लागली नाही आणि कोणी मर्यादेबाहेर आवाज चढवला नाही, तर ड्रायव्हर वीस-वीस वर्षं काम देतो.

झिजतात त्या बाहेरच्या गोष्टी. पहिली कानाची कुशनं. त्यांच्यावरचं नकली चामडं म्हणजे पॉलियुरेथेनचा थर. उष्ण आणि दमट हवेत तो आपोआप सुटतो आणि त्याचे काळे पापुद्रे गालाला चिकटतात. मुंबईच्या हवेत हे लवकर होतं. माणसानं नीट वापरलं नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. दुसरी गोष्ट वायर, विशेषतः पिनेजवळची आणि कानाजवळची. तिसरी डोक्यावरच्या पट्टीचे सांधे. यांतलं जे बदलता येतं, त्याची काळजी नको. जे बदलता येत नाही, ते मात्र डोळ्यांत तेल घालून पाहायचं. म्हणून माझा पहिला नियम असा, की ज्याची कुशनं आणि वायर वेगळी विकत मिळते, तोच हेडफोन जुना घ्यावा. स्वच्छतेचा प्रश्नही इथेच सुटतो. कुशनं नवी बसवली आणि बाकीचा भाग किंचित ओलसर कापडानं पुसून घेतला, की कानाला लागणारं सगळं नवंच असतं. कानाच्या आत घालायचे इअरफोन मात्र मी कुणाला वापरलेले घ्यायला सांगत नाही.

दुसरा प्रश्न वायरचा की बिनवायरचा. नवा घेताना बिनवायरचा सोयीचा वाटतो, पण वापरलेला घेताना हिशेब उलटतो. त्याच्यात बॅटरी असते आणि ती वापरानंही खंगते, नुसत्या वयानंही खंगते. पुष्कळ मॉडेलांत ती बदलणं अवघड असतं. वरून पाहून तिची तब्येत कळत नाही. पूर्ण चार्ज करून किती तास चालते, हे मोजावं लागतं आणि तेवढा वेळ विकणारा देत नाही. वायरच्या हेडफोनला हा रोगच नाही. तोच फोनला, कॉम्प्युटरला, पेटीच्या जागी घेतलेल्या कीबोर्डला, जुन्या रेडिओला चालतो. एकाच वस्तूनं घरातल्या चौघांची कामं व्हायची असतील, तर वायर बरी. नव्या अनेक फोनांना साडेतीन मिलिमीटरच्या पिनेची जागा नसते. त्यासाठी यूएसबी-सीचा छोटा अडॅप्टर मिळतो. मात्र सगळे अडॅप्टर सगळ्या फोनांवर चालत नाहीत, तेव्हा दुकानात आपल्याच फोनवर लावून पाहावा.

तिसरी निवड बंद पाठीचा की उघड्या पाठीचा. उघड्या पाठीच्या हेडफोनला मागे जाळी असते. त्यात गाणं मोकळं, मैफलीत बसल्यासारखं वाटतं. पण बाहेरचे आवाज आत येतात आणि आपलं गाणं शेजाऱ्याला ऐकू जातं. बंगल्यात एकटं बसून ऐकणाऱ्याला तो छान. आपल्याकडे वरून विमानं जातात, खाली जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावरचे ट्रक असतात आणि घरात माणसं असतात. इथे सर्वांगानं उपयोगी पडतो तो बंद पाठीचा, पूर्ण कान झाकणारा हेडफोन.

चौथी गोष्ट ओहमची. हेडफोनवर किंवा खोक्यावर एक आकडा असतो, ३२, ६३, २५० असा. हा त्याचा विद्युतरोध. समजा, तुमचा फोन १ व्होल्ट देतो. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये त्यातून सुमारे ३१ मिलिवॅट शक्ती पोचते, तर ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये जेमतेम ३. म्हणजे मोठ्या आकड्याचा हेडफोन वाईट नसतो, पण त्याला बहुधा वेगळा ॲम्प्लिफायर लागतो आणि तो खर्च धरावा लागतो. साध्या फोनवर चालवायचा तर ८० ओहमपर्यंतचा पाहावा.

काही नावं सांगतो. ही जाहिरात नव्हे. वर सांगितलेल्या कसोट्यांना ही मॉडेलं उतरतात, एवढंच. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा, ६३ ओहमचा, ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत जगभर दिसणारा. त्याची वायर स्प्रिंगसारखी गुंडाळलेली आणि कायमची जोडलेली असते, कुशनांचे पापुद्रे निघतात, पण कुशनं सहज मिळतात. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स २०१४ मध्ये आला, ३८ ओहमचा. त्याची वायर काढता-घालता येते, ही मोठी सोय. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो बहुधा मखमली कुशनांचा, घामाला बरा. पण तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या रूपांत मिळतो, तेव्हा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. घर शांत असेल आणि ॲम्प्लिफायर असेल, तर १९९७ चा सेनहायझर एचडी ६०० हा उघड्या पाठीचा, ३०० ओहमचा हेडफोन जुना घ्यायलाही उत्तम, कारण त्याचा जवळपास प्रत्येक भाग सुटा करून बदलता येतो.

आता तपासणी. याला दहा मिनिटं पुरतात आणि ती विकणाऱ्यासमोरच करायची. स्वतःचा फोन आणि अडॅप्टर बरोबर न्यावा. आधी डोळ्यांनी पाहावं. पट्टीच्या सांध्याजवळ केसासारखी चीर आहे का? स्क्रू सगळे जागेवर आहेत का? छापील अक्षरं फिसकटलेली, शिवण वेडीवाकडी असेल, तर माल नकली असू शकतो. नावाजलेल्या मॉडेलांच्या नकला भरपूर निघतात. जुनं बिल मागावं. त्यातून नकलीही कळतं आणि चोरीचा माल असेल तर तेही.

मग कानाला लावावा. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ सुरू करावा आणि कुणाचं तरी साधं बोलणं लावावं. आवाज बरोबर डोक्याच्या मध्यभागी यायला हवा. एका बाजूला कलला, तर त्या जोडीतला एक ड्रायव्हर मंद आहे किंवा एका कुशनमधून हवा निसटते आहे. आवाज मध्ये न येता डोक्याभोवती विरून गेल्यासारखा वाटला आणि खर्जच नाहीसा झाला, तर समजावं, की कोणीतरी दुरुस्ती करताना एका बाजूच्या तारा उलट्या जोडल्या आहेत. हा दोष नव्यानं डाग देऊन सुटतो, पण किंमत त्याप्रमाणे कमी झाली पाहिजे.

यानंतर वायर. गाणं चालू ठेवून पिन हळूच फिरवावी, वायर दोन्ही टोकांना वाकवून पाहावी. खरखर झाली किंवा एक कान गेला, तर तिथे आतली तार तुटली आहे. शेवटी खर्जाची परीक्षा. २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर फोनवर लावावा. तो गुळगुळीत चढला पाहिजे. मध्येच फर्र असा आवाज आला, तर पडद्यावर केस पडला आहे किंवा पडदा फाटला आहे. केस निघू शकतो, फाटलेला पडदा शिवता येत नाही.

घरात मल्टिमीटर असेल तर न्यावा. पिनेच्या टोकाला डावा कान असतो, पुढच्या कड्याला उजवा आणि मुळाशी दोघांची सामाईक तार. दोन्ही बाजूंचा रोध मोजला, तर तो जवळजवळ सारखा यायला हवा. एका बाजूला ६० आणि दुसऱ्या बाजूला ४० दिसलं, की नमस्कार करून उठावं.

यंत्रापलीकडे कानाचीही परीक्षा आहेच. आपल्या ओळखीचं गाणं लावावं. मी भीमसेन जोशींचा एखादा अभंग लावतो. पखवाजाची थाप भरीव पण सुटी ऐकू यावी, टाळ कानाला टोचू नये आणि या दोन्हींच्या मध्ये पंडितजींचा आवाज कुठे दबू नये. नुसताच धडधड खर्ज देणारा हेडफोन पहिल्या मिनिटाला आवडतो, पण त्यावर शब्द झाकले जातात. ज्याला गाणं, बातम्या आणि अभ्यास सगळंच ऐकायचं आहे, त्यानं आधी शब्द स्पष्ट येतात का, ते पाहावं.

पैशांचं गणित असं मांडा. समजा, नवा हेडफोन १०,००० रुपयांना आहे. विकणारा ५,००० मागतो. कुशनांना १,००० लागणार. म्हणजे तुम्हाला तो ६,००० ला पडला. मी याच्या वर जात नाही. एकूण खर्च नव्याच्या साठ टक्क्यांपर्यंतच असावा. कारण जुन्या मालाला गॅरंटी नसते आणि ती जोखीम आपण घेत असतो. न पाहता आगाऊ पैसे पाठवायला कोणी सांगितलं, तर तो व्यवहार सोडून द्यावा. शक्यतो माणसाला समोर भेटून, दिवसाउजेडी घ्यावा.

दुरुस्तीसाठी लॅमिंग्टन रोड आहेच. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. आमच्या बाजूनं जायचं, तर कांजूरमार्गला गाडीत बसून दादरला पश्चिम रेल्वे पकडावी आणि ग्रँट रोडला उतरावं. पिना, वायरी आणि डाग देणारे कारागीर तिथे मिळतात. चोरबाजारातही हेडफोन दिसतात, पण जिथे वाजवून पाहू देत नाहीत, तिथे हात आखडता घ्यावा.

एवढा खटाटोप कशासाठी, तर कानांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसानं आठवड्याला ४० तास ऐकायचं, तर आवाज सरासरी ८० डेसिबलपर्यंत असावा. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ आहे. आवाज दर ३ डेसिबलनं वाढला, की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला तो आठवड्याला जेमतेम ४ तास उरतो. आता पाहा, फाटक्या कुशनमधून खर्ज निसटतो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. आपण काय करतो? आवाज वाढवतो. तो वाढलेला आवाज रोज तासन्‌तास कानात जातो. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. त्यांचे सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर मिळत नाहीत. म्हणून चांगल्या हेडफोनची खूण तो किती मोठा वाजतो ही नसून, कमी आवाजात किती स्पष्ट ऐकवतो ही आहे. वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षा फोनचा आवाज अर्ध्यावर ठेवूनच कराव्यात. अर्ध्यावर शब्द नीट कळले नाहीत, तर तो हेडफोन कितीही स्वस्त असला तरी परत द्यावा.

आणि एक सांगणं. बंद पाठीचा हेडफोन बाहेरचे आवाज अडवतो, म्हणजे गाडीचा भोंगाही अडवतो. रस्ता ओलांडताना, फलाटाच्या कडेनं चालताना तो कानावर नको, गळ्यात असू द्या. घरी मुलांच्या हाती देताना आवाजाची मर्यादा फोनमध्येच घालून द्या. आणि वर्षातून एकदा कुशनं पाहा. चिरली असतील, तर पहिल्या पगाराची किंवा दिवाळीची वाट न पाहता बदलून टाका.