कमी पावसाच्या मुलुखांत वायपरची निवड व निगा

आपल्या बारामती व इंदापूर तालुक्यांत पिकअप, जीप अगर मोटार नाहीं असें गांव आतां विरळाच. दूध, भाजीपाला, द्राक्षें व डाळिंबें पहाटे बाजारास न्यावयाचीं असतात; घरांतील कोणी रोज बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत कामास जातो. गाडी घेतांना आपण इंजिन, टायर व तेलाचा खर्च यांची कसून चौकशी करितों. परंतु पुढच्या काचेवरील पाणी निपटणाऱ्या वायपरकडे पाऊस डोक्यावर येईपर्यंत कोणी ढुंकूनहि पाहात नाहीं. आपल्याकडे पाऊसच थोडा, मग वायपर झिजणार कशानें, अशी समजूत त्याच्या मुळाशीं असते. ही समजूत चुकीची कशी व तीवर उपाय कोणता, हें येथें सांगावयाचें आहे.

वायपर बिघडण्याचीं कारणें.— आपला मुलूख सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेंत असल्यानें येथें वर्षाचा पाऊस सरासरीनें वीस इंचांच्या आसपास असतो आणि त्यांतलाहि मोठा वांटा उत्तरा व हस्त नक्षत्रांत पडतो. बाकीचा बहुतेक काळ वायपर कोरड्या काचेवर नुसता पडून असतो. त्याचा खरा काम करणारा भाग म्हणजे पात्यांतील रबराची पातळ पट्टी. दांड्याची स्प्रिंग ती काचेवर दाबून धरते. दांडा एका दिशेस जातांना पट्टीची कड मागें कलते व परत फिरतांना उलट बाजूस कलते. ही लवचीकता टिकेल तोंवरच काच स्वच्छ पुसली जाते. चैत्र-वैशाखाचें ऊन व हवेंतील ओझोन वायु यांच्या योगानें रबर कठीण होऊन त्यास बारीक भेगा पडतात. महिनोन्‌महिने एकाच जागीं दाबून राहिल्यानें कड एका अंगास वांकून तशीच राहते. तात्पर्य, आपल्याकडे वायपर पावसानें झिजत नाहीं, तर उन्हानें वाळतो. आणि हें आपणांस कळतें तें पहिल्या सरीच्या वेळीं.

धोका कोठें आहे.— २०२५ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस, मृग निघण्यापूर्वींच, या दोन्ही तालुक्यांत अतिवृष्टि झाली व नीरा डावा कालवा फुटून पाणी शेतांत शिरलें. अशा वेळीं जे रस्त्यावर सांपडतात, त्यांना दुकान गांठून नवें पातें घेण्यास सवड नसते. दुसरा प्रसंग परतीच्या पावसाचा. माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर या बाजूंस उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यावर येऊं लागतात, आणि त्यांतील कित्येकांस मागें दिवा नसतो. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें साडेसोळा मीटर अंतर तोडते. काच तीन सेकंद धुरकट राहिली, तर पन्नास मीटर वाट आंधळेपणानें कापली जाते. तेवढ्या अंतरांत एखाद्या शेतकरी बंधूची बैलगाडी असूं शकते, हें विसरूं नये.

वायपरची युक्ति मोटारीइतकीच जुनी आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानच्या मेरी अँडरसन या बाईनें १९०३ सालीं तिचें पेटंट घेतलें. गाडींत बसून हातानें दांडी ओढली कीं बाहेरची रबरी पट्टी काच पुसत असे. आज तें काम विजेची मोटर करिते. पण काचेस लागणारें रबर तेंच आहे व त्याची दुर्बलताहि तीच आहे. आपल्या देशांत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांमध्येंहि वायपरविषयीं स्वतंत्र नियम आहे. सबब, ही केवळ सोयीची वस्तु नव्हे.

निवड कशी करावी.— प्रथम लांबी पाहावी. जुनें पातें काढून टेपानें मोजावें; लांबी इंचांत सांगण्याचा प्रघात आहे. चालकाच्या बाजूचें व दुसऱ्या बाजूचें पातें पुष्कळ गाड्यांत निरनिराळ्या लांबीचें असतें, म्हणून दोन्ही मोजावीं. पातें लांब झाल्यास तें काचेच्या चौकटीवर अगर दुसऱ्या पात्यावर आदळतें. आंखूड झाल्यास नेमकी पाहावयाची जागा पुसावयाची राहते. नंतर दांड्याचें टोंक पाहावें. बहुतेक गाड्यांस आंकड्यासारखें वांकविलेलें टोंक असतें. मोठ्या वाहनांत कांहींस स्क्रूचें असतें. जुनें पातेंच दुकानांत बरोबर नेल्यास चूक होत नाहीं.

पात्यांचे मुख्य प्रकार दोन. एक लोखंडी सांगाड्याचें, दुसरें सांगाड्यावांचूनचें सपाट. सपाट पातें वांकदार काचेवर सारखें बसतें व त्याच्या सांध्यांत माती अडकत नाहीं. मात्र तें महाग असतें. सांगाड्याचें पातें स्वस्त असून कांहींत नुसती रबरी पट्टी बदलतां येते. सांगाडा सरळ व घट्ट असेल, तर पट्टी बदलून काम भागतें. तीनचाकी मालवाहू रिक्षेस बहुधा एकच वायपर असतो. तेथें काटकसर करूं नये. घेतेवेळीं पट्टीची कड बोटानें चाळून पाहावी. ती मऊ, अखंड व सरळ असावी. दुकानाच्या दारांत उन्हांत टांगून ठेवलेला माल घेऊं नये.

बसवितांना घ्यावयाची काळजी.— दांडा उभा केल्यावर काचेवर जाड गोणपाट घालावें. पातें काढलेला दांडा निसटून आपटला, तर स्प्रिंगच्या जोरानें काच तडकते, आणि थोडक्याच्या कामापायीं मोठा खर्च ओढवतो. नवें पातें अडकल्याचा आवाज ऐकूं येईपर्यंत ओढावें व काच ओली करून चालवून पाहावें.

दोष ओळखण्याच्या खुणा.— एकच बारीक रेघ राहिल्यास कडेस खडा अडकला आहे अगर कड फाटली आहे. पट्टाच्या पट्टा कोरा राहिल्यास सांगाडा वांकला आहे किंवा स्प्रिंग ढिली झाली आहे. पातें थरथरत, कुरकुरत चालल्यास रबर कठीण झालें आहे. सर्वच काचेवर धुरकट पडदा राहिल्यास दोष बहुधा काचेवरील तेलकट थराचा असतो. काच साबणानें धुतल्यास तो जातो.

निगा.— कोरड्या काचेवर वायपर कधींहि चालवूं नये. आपल्या मुरमाच्या रस्त्यांची धूळ व गळीत हंगामांतील कारखान्याच्या धुराड्याची काजळी काचेवर बसते. धुळींतील वाळूचे कण काचेवर ओरखडे पाडतात, आणि रात्रीं समोरच्या गाडीच्या उजेडांत तेच ओरखडे डोळे दिपवितात. आधीं पाणी सोडावें, मग वायपर लावावा. आठवड्यांतून एकदां ओल्या फडक्यानें रबराची कड पुसावी. फडकें काळें होतें तितका मळ निघाला, असें समजावें. रॉकेल, डिझेल अगर पेट्रोल रबरास लावूं नये. त्यानें तें फुगून खराब होतें. पाणी फवारण्याच्या टांकींत खाऱ्या विहिरीचें अगर बोअरचें पाणी भरूं नये. जे क्षार आपल्या कालव्याखालच्या जमिनी चोपण करितात, तसलेच क्षार फवाऱ्याचीं बारीक भोंकें बुजवितात. गाळलेलें मऊ पाणी वापरावें. गाडी लिंबाच्या सावलींत उभी करावी. सावली नसल्यास काच झांकावी.

केव्हां बदलावें.— वर्षांतून एकदां बदलणें आपल्या हवेंत रास्त होय. फार लौकर बदलल्यास नवें रबर उन्हाळाभर वाळतें; मृगाची वाट पाहिल्यास वळवाची सर गांठते. सबब, अक्षय तृतीयेच्या सुमारास नवीं पातीं बसवावीं व उत्तरा नक्षत्र लागण्यापूर्वीं पुन्हां एकदां तपासावीं. बियाणें आपण पेरणीच्या दिवशीं शोधावयास निघत नाहीं. पावसाआधींच घरांत आणून ठेवितों. वायपरच्या बाबतींतहि तोच शहाणपणा ठेवला, तर अंधाऱ्या पावसांत रस्त्यावर असलेला आपला माणूस सुखरूप घरीं येईल.