चौथऱ्यावर काय कोरायचं?

तमिळनाडूतल्या पापनाशमजवळच्या पालैवननाथर मंदिरात नायक राजांच्या काळातलं धान्याचं कोठार आहे. गोल, जाड भिंतींचं, तीन हजार कलम भात मावेल एवढं. कलम म्हणजे तमिळ मुलखातलं धान्याचं माप, आपल्या खंडी-मणासारखं.

हेच माप पंचवीसेक किलोमीटरवरच्या तंजावरात, बृहदीश्वर मंदिराच्या आवारभिंतीवर वाचायला मिळतं. इथे पहिल्या राजराज चोळाने वेगवेगळ्या देवळांतून आणवलेल्या ४०० नर्तकींची यादी कोरलेली आहे. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातली, तिला दिलेलं घर आणि वर्षाला १०० कलम भात. माप काळागणिक बदललं असेल, पण ढोबळ हिशेब मांडला तर पापनाशमचं कोठार यांतल्या तीसच जणींना वर्षभर पुरलं असतं. त्यांना मूळ गाव सोडायचं होतं का, हे मात्र कुणी कोरलेलं नाही. याच देवळाच्या लेखांत गावोगावच्या जमिनींचा तपशील येतो, आणि त्यात गावाची वस्ती वेगळी, ‘परैच्चेरी’, म्हणजे परैयर या दलित जातीची वस्ती, वेगळी.

राजराजाचा पुतळा मंदिराच्या आवारातच बसवावा, असं तमिळनाडूतल्या करुणानिधींच्या सरकारला वाटत होतं. मंदिर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे होतं, परवानगी मिळाली नाही, आणि १९७२मध्ये पुतळा बाहेर उभा राहिला. तेव्हाचं भांडण जागेचं होतं. खरा प्रश्न जून २०१९मध्ये निघाला. कुंभकोणमपलीकडच्या तिरुप्पनंदाळला दिग्दर्शक पा. रंजित यांनी राजराजाच्या काळात दलितांच्या जमिनी गेल्याचं जाहीर सभेत सांगितलं, आणि त्यांच्यावर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. जमिनी नेमक्या कशा गेल्या, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. पण ज्या राज्यात वेगळी वस्ती दगडात नोंदली गेली, तिथे हा प्रश्न विचारणं गुन्हा कसा ठरतो?

आपल्याकडे पुण्यात २०१०मध्ये लाल महालातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा हलवला, २०१७मध्ये नाटककार राम गणेश गडकऱ्यांचा मुठा नदीत फेकला. दोन्ही वेळा चर्चा पुतळा हलण्या-पडण्याचीच झाली. कागदपत्रं कुणी उघडली?

पापनाशमहून कुंभकोणमकडे जाताना स्वामीमलै लागतं. तिथले स्थपती मेणाची मूर्ती घडवतात आणि तिच्यावर कावेरीच्या गाळाची बारीक माती हलक्या हाताने लिंपतात. साचा तापवला की मेण वितळून वाहून जातं, राहिलेल्या पोकळीत पंचधातूचा रस ओततात. मूर्ती काढताना साचा फोडावाच लागतो. राजराजाचा पुतळा त्या साच्यासारखा फोडावा किंवा झाकावा, असं मला वाटत नाही. त्याच्या चौथऱ्यावर त्या ४०० जणींची नावं आणि परैच्चेरीची नोंद कोरावी. त्यात राजाचा अपमान नाही. दिलेलं दान दगडावर कोरा, हा हुकूम त्याचाच होता.

हाच नियम आपल्यालाही लागू व्हायला हवा. बृहदीश्वराच्याच भिंतीवर तंजावरचे मराठे राजे सरफोजी यांनी १८०३मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो पाहताना मराठी माणसाचा ऊर भरून येतो, माझाही आला. तंजावरच्या राजवाड्याच्या दरबारात त्यांचा संगमरवरी पुतळा हात जोडून उभा आहे. सरस्वती महाल ग्रंथालयातली हस्तलिखितं त्यांनी वाढवली, देवनागरीत पुस्तकं छापली. त्याबरोबर त्या पुतळ्याखाली १७९९ हे सालही कोरलेलं असावं, ज्या साली तहावर सही करून त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीला राज्यकारभार दिला आणि तनखा घेतला.

तंजावरच्या मराठी घरांतून या मागणीला होकार आला, तर राजराजाच्या चौथऱ्याबद्दल बोलायला आपण मोकळे.