संग्रह देशाचा, भिंती कुणाच्या?

१९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक मिळालं. मुंबईने गौरवलेल्या त्या तिघींचा मुक्काम आता दिल्लीत, इंडिया गेटजवळच्या जयपूर हाउसमध्ये आहे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचं, म्हणजे एनजीएमएचं, हे मूळ घर.

२९ मार्च १९५४ रोजी उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पहिले प्रमुख हर्मन ग्योट्झ हे जर्मन कला-इतिहासकार. बडोद्याच्या संग्रहालयाचा अनुभव गाठीशी घेऊन ते दिल्लीत आले. सुरुवातीच्या संग्रहाचा कणा होता अमृताची चित्रं. १९४१ मध्ये लाहोरला ती अकाली गेली आणि तिच्या पतीने व वडिलांनी जपलेली चित्रं सरकारच्या स्वाधीन केली. तिची शंभरावर चित्रं आज इथे आहेत.

समितीमार्फत खरेदी पुढे होत राहिली, पण संग्रहाचं आकारमान ठरवलं ते कलावंतांच्या घरच्यांनी. आज इथे १७ हजारांहून अधिक कलाकृती आहेत. त्यांतल्या सुमारे ७ हजार एकट्या नंदलाल बोस यांच्या! म्हणजे देशाच्या आधुनिक कलेच्या या भांडारातला तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग एकाच चित्रकाराचा. दांडीयात्रेला निघालेल्या गांधीजींचं १९३० चं प्रसिद्ध लिनोकट त्यातच आहे. एका माणसाची आयुष्यभराची घडण सलग अभ्यासायची, तर असा साठा हवाच. मात्र देशभराचं चित्र त्यातून समतोल उमटेलच असं नाही.

कायद्यानेही या संग्रहाला वजन आलं. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्याखाली शेरगिल, नंदलाल, राजा रविवर्मा, रवींद्रनाथ ठाकूर, जामिनी राय अशा नऊ कलावंतांची कामं राष्ट्रीय ठेवा ठरली. ती विकण्यासाठी परदेशी नेता येत नाहीत. प्रदर्शनासाठी मात्र संग्रहालयातली चित्रं परदेशवारी करतात: २००७ मध्ये शेरगिल लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये पोचली, २००८ मध्ये नंदलाल सॅन दिएगोत.

मग देशातल्या माणसाला काय दिसतं? कागदावरच्या कामाला फार काळ उजेड सोसत नाही. त्यामुळे रेखाटनं, जलरंग आळीपाळीनेच बाहेर काढावी लागतात; बाकीची कोठारात. २००९ मध्ये जयपूर हाउसला मोठी नवी इमारत जोडली गेली, त्याच वर्षी बंगळुरूची शाखा उघडली. पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेल्या ‘जतन’ या प्रणालीमुळे राष्ट्रीय संग्रहालयांतल्या वस्तूंच्या नोंदी आणि छायाचित्रं इंटरनेटवर येऊ लागली. नाशिकच्या विद्यार्थ्याला घरबसल्या चित्र पाहता येतं, पण कॅनव्हासवरचा रंगाचा थर आणि चित्राचं खरं मोजमाप पडद्यावर कळत नाही. त्यासाठी भिंतच लागते.

मुंबईला ती भिंत भांडून मिळाली. जॉर्ज विटेटने बांधलेला १९११ चा सर कावसजी जहांगीर हॉल पुढे मुष्टियुद्धाचे सामने, कामगारांच्या सभा आणि लग्नांसाठी भाड्याने जात होता. शिल्पकार पिलू पोचखानवाला, कलादालनचालक केकू गांधी आदींनी तो कलेसाठी मागितला. वास्तुरचनाकार रोमी खोसला यांनी आतली रचना बदलली. एकावर एक दालनं रचली गेली आणि १९९६ मध्ये शाखा सुरू झाली.

चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला ८ फेब्रुवारी २०१९ रोजी अभिनेते-दिग्दर्शक अमोल पालेकर बोलायला उभे राहिले, तेव्हा वाद याच दालनांचा होता. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेल्या पालेकरांनी दोन मुद्दे मांडले. स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती गेली असून निर्णय आता दिल्लीतून होणार. आणि बहुतेक जागा एनजीएमएच्या स्वतःच्या संग्रहासाठी राखली जाऊन बाकी प्रदर्शनांना थोडकीच उरणार. बरव्यांपुरतंच बोला, असं त्यांना मध्येच सुचवलं गेलं. त्याची चर्चा देशभर झाली.

गंमत अशी, की कायम संग्रह मुंबईत दिसावा ही मागणी मुळात गैर नाही. शेरगिल पाहायला दिल्लीचंच तिकीट का काढावं? अडचण येते ती एकाच इमारतीत दोन्ही बसवताना. दिल्लीचा संग्रह कायमचा मांडला, तर इथल्या चित्रकाराच्या आयुष्यभराच्या कामाला सलग जागा उरत नाही.  २०१९ च्या अखेरीस मात्र ठाण्याच्या सुधीर पटवर्धनांचं सिंहावलोकन या इमारतीत भरलं, २०२० मध्ये मेहली गोभाईंचं. पुढचं कुणाचं आणि किती मजल्यांवर, हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती मुंबईचा कलावंत असणार का, हा २०१९ चा प्रश्न प्रत्येक नव्या प्रदर्शनाच्या वेळी पुन्हा विचारावा लागतो.