शिक्षा कायदा देतो, परत जायचे कोणी?

लढाई संपली की सैनिक आपापल्या गावी जातात. जिंकलेल्याच्या गळ्यात हार पडतात, हरलेला मान खाली घालून घर गाठतो. ज्या भूमीवर रक्त सांडले तिच्याकडे मात्र पुन्हा कोणी फिरकत नाही. तिथली मढी, तिथली उजाड घरे, तिथली पोरकी माणसे तिथेच राहतात. जगाची ही रीतच आहे. पण या रीतीला अपवाद ठरलेला एक जपानी माणूस होऊन गेला. ताकाशी नागासे हे त्यांचे नाव. दुसऱ्या महायुद्धात ते जपानी लष्करी पोलिसांकडे इंग्रजीचे दुभाषी होते. आपल्या डोळ्यांदेखत जिथे माणसांचा छळ झाला, त्याच ठिकाणी ते पुढे आयुष्यभर जात राहिले. परभणी जिल्ह्यातील वाचकांना त्यांची ओळख करून द्यावी असे आम्हाला वाटते. कारण त्यांच्या आयुष्यातून उभा राहणारा प्रश्न एकट्या थायलंडचा नाही, तो आमच्या गावकुसाचाही आहे.

ब्रह्मदेश जिंकल्यावर तिथल्या सैन्याला रसद पोहोचवण्यासाठी जपानने थायलंड ते ब्रह्मदेश असा ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग बांधायला घेतला. १९४२ मध्ये काम सुरू झाले आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये रूळ जोडले गेले. डोंगर, जंगल आणि मुसळधार पाऊस यांतून एवढ्या थोड्या काळात मार्ग झाला तो माणसांची हाडे मोडून. ६० हजारांहून अधिक ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच व अमेरिकन युद्धकैदी या कामावर होते. त्यांपैकी सुमारे १२ हजार कॉलरा, मलेरिया, आमांश, उपासमार आणि मार यांनी मेले. ‘मृत्यूची रेल्वे’ हे नाव तेव्हापासून पडले.

याच मार्गावर कांचनाबुरी येथे एरिक लोमॅक्स नावाचा तरुण ब्रिटिश अधिकारी कैदेत होता. कैद्यांनी चोरून बनवलेला रेडिओ सापडला. लोमॅक्सजवळ त्याने काढलेला नकाशाही मिळाला. त्याला बेदम मारण्यात आले, हात मोडले, नाकातोंडात पाणी सोडून जीव घुसमटवला गेला. मारणाऱ्यांचे प्रश्न इंग्रजीत विचारणारा आवाज नागासे यांचा होता. त्यांनी काठी उचलली नव्हती. पण तो आवाज लोमॅक्स पुढे पन्नास वर्षे विसरला नाही.

युद्ध संपताच दोस्त राष्ट्रांचे एक पथक लोहमार्गाच्या कडेने कैद्यांच्या कबरी शोधत निघाले. नागासे त्याच्याबरोबर दुभाषी म्हणून गेले. जंगलातली एकेक कबर पाहताना आपल्या सैन्याने काय केले हे त्यांना उमगले. पुढे जपानी नागरिकांना परदेशप्रवास खुला झाल्यावर त्यांनी पुन्हा थायलंड गाठले आणि मग हा क्रम थांबला नाही. त्यांच्या अशा फेऱ्या शंभराच्या वर गेल्या. १९७६ मध्ये क्वाय नदीवरील पुलावर माजी कैदी आणि माजी जपानी सैनिक यांना समोरासमोर आणण्याचा प्रयत्न त्यांनी केला. १९८६ मध्ये तिथे शांतीसाठी बौद्ध विहार उभारले. थायलंडच्या गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. स्वतःच्या देशातील लष्करशाहीवर ते उघड टीका करत राहिले. स्वदेशात अशा माणसाचे कौतुक कमी आणि तिरस्कारच अधिक होतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता या कहाणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नागासे यांनी आपल्या पुस्तकात कांचनाबुरीच्या दफनभूमीत आपल्याला क्षमा मिळाल्यासारखे वाटले, अशा अर्थाचे लिहिले होते. लोमॅक्स यांच्या पत्नी पॅटी यांनी ते वाचले आणि १९९१ मध्ये नागासे यांना पत्र लिहिले. त्यांचा सवाल सरळ होता: ज्याचा छळ झाला त्याने अजून क्षमा केलेली नसताना तुम्हाला क्षमा मिळाली असे तुम्ही कसे म्हणता? नागासे यांनी या सवालाला बगल दिली नाही. त्यांनी विनम्र उत्तर पाठवले. १९९३ मध्ये त्याच पुलाजवळ दोघे भेटले. एक वृद्ध रडत होता, दुसरा त्याला धीर देत होता. नंतर जपानमध्ये लोमॅक्स यांनी नागासे यांना लेखी क्षमा दिली. २०११ मध्ये नागासे आणि २०१२ मध्ये लोमॅक्स निधन पावले.

आमच्या मते पॅटी लोमॅक्स यांचा सवाल प्रत्येक कोर्टाच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे. क्षमा ही गुन्हेगाराने स्वतःला देऊन टाकायची वस्तू नाही. त्याच्या जातभाईंनी, पुढाऱ्यांनी, सरकारने परस्पर वाटायची खिरापतही नाही. ती फक्त पीडिताच्या मालकीची आहे आणि ती देण्याची सक्ती त्याच्यावर कोणालाही करता येत नाही.

अर्थात एका माणसाच्या पश्चात्तापाने सारा हिशेब पुरा होत नाही. याच लोहमार्गावर युद्धकैद्यांखेरीज लाखाहून अधिक आशियाई मजूर राबवले गेले. ब्रह्मी, जावानीज, मलाय आणि मलायातील रबरमळ्यांवरचे तमिळ मजूर त्यांत होते. त्यांपैकी ९० हजारांच्या आसपास मेले असा अंदाज सांगितला जातो. कैद्यांच्या दफनभूमीत नावांच्या ओळीच्या ओळी आहेत. या मजुरांच्या वाट्याला मात्र नावाचा दगडसुद्धा आला नाही. गोऱ्या कैद्यावर चित्रपट निघाले, पण मळ्यावरच्या तमिळ मजुराचे नाव कोणी विचारले नाही. मेल्यावरही माणसाची किंमत कशी ठरते, हे आम्हाला परक्या देशाने शिकवण्याची गरज नाही.

धम्म जाणणाऱ्याला नागासे यांची वाट नवी वाटणार नाही. अंगुलीमाल भिक्खू झाला तेव्हा तो दूर रानात लपून राहिला नाही. ज्या श्रावस्तीत त्याच्या नावाने लोक थरथरत, तिथेच तो भिक्षापात्र घेऊन गेला. लोकांनी दगड मारले, डोके फुटले. तथागतांनी त्याला सहन कर असे सांगितले, लोकांना आवरा असे नाही. त्याच अंगुलीमालाच्या सत्यवचनाने प्रसववेदनांनी तळमळणाऱ्या स्त्रीची सुटका झाली. सम्राट अशोकानेही तेराव्या शिलालेखात कलिंगातील लाखभर मृतांबद्दलचे दुःख नोंदवले. पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, हा तेरावा लेख आढळत नाही. त्याऐवजी तिथे अधिकाऱ्यांना उद्देशून वेगळे आदेश कोरलेले आहेत. सर्व माणसे माझी लेकरे आहेत आणि विनाकारण कोणाला कैद वा छळ होता कामा नये, असा त्यांचा आशय आहे. जिंकलेल्या प्रजेपुढे सम्राटाने शोकाचे प्रदर्शन न मांडता कारभार सुधारण्याचा हुकूम दिला. पश्चात्ताप खरा की खोटा हे अशा कामावरून ओळखावे.

आता आमच्या मराठवाड्याकडे वळू. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि नांदेड, परभणीसह मराठवाड्यातील खेड्यांत आमच्या वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना जिवंत जाळले गेले. आमच्यासाठी ती रणभूमीच होती, फरक इतकाच की शस्त्रे एकाच बाजूला होती. १९९४ मध्ये नामविस्तार झाला. पण ज्यांनी घरे पेटवली त्यांतला एक तरी माणूस त्या वस्तीत परत आला काय? तुमच्या पोराची फी मी भरतो, असे कोणी म्हणाले काय? १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या अटकसत्रात पकडला गेलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. धौलीचा आदेश आठवण्यासाठी आणखी कोणते निमित्त हवे?

आमच्याकडे परत येतात ते ‘मिटवून टाका’ म्हणणारे. अॅट्रॉसिटीची फिर्याद दाखल झाली की दुसऱ्याच दिवशी गावातली चार वजनदार माणसे वस्तीत येतात. गावात राहायचे आहे ना, असे विचारतात. गुन्ह्याचा उच्चार नाही, कबुली नाही, आधी क्षमा पाहिजे! ही धमकी आहे, हा पश्चात्ताप नव्हे. १९८९ च्या कायद्याखालील गुन्हे तडजोडपात्र नाहीत ते उगाच नाही. फिर्यादी बांधवांनी अशा समेटाच्या बैठकीत सही करू नये, खटला शेवटपर्यंत लढवावा, हेच आमचे सांगणे आहे.

मात्र कायद्याची हद्दही आम्ही जाणतो. निकालपत्राने शिक्षा होते, नुकसानभरपाई मिळते, पण शेजार मिळत नाही. बाबासाहेबांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात नेमके हेच बजावले होते. स्वातंत्र्य व समता यांच्या रक्षणाला केवळ कायदा पुरेसा नाही, बंधुता हेच खरे संरक्षण, असे त्यांचे म्हणणे होते. आणि ही बंधुता आपण तथागतांच्या शिकवणीतून घेतली असेही त्यांनी सांगितले.

१९७८ मध्ये विशीत असलेले हात आज सत्तरीला टेकले आहेत. त्यांतल्या कोणाला शेवटच्या दिवसांत झोप लागत नसेल, तर आमच्या वस्तीचा रस्ता त्यांना ठाऊक आहे. त्यांनी यावे. आपण काय केले ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. स्मशानाच्या जागेचा अडवून ठेवलेला उतारा सोडवून द्यावा, पाणवठ्याची वाट मोकळी करून द्यावी, पोरांच्या शिक्षणाला हात लावावा. बदल्यात क्षमा मागू नये. ती द्यायची की नाही, हे ज्यांची घरे जळाली ते ठरवतील.